घोड्यापायी थांबलेली लिफ्ट

त्याला सगळे भिंगरी म्हणत. आईने लहानपणी ठेवलेलं नाव, पण ते इतकं चपखल बसलं की पुढे शाळेतले मास्तर, सासुरवाडीची माणसं आणि लिफ्टच्या कंपनीतला साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागले. एका जागी बसणं त्याला जमायचंच नाही. जेवताना तो दोनदा उठायचा, एकदा पाणी घ्यायला आणि एकदा खिडकी नीट लागलीय का ते बघायला. सिनेमा मध्यंतरापर्यंत बघायचा आणि पुढचं बायकोला विचारायचा. रात्री साडेतीन-चार तास झोप झाली की डोळे टक्क उघडे. मग अंधारात या कुशीवरून त्या कुशीवर, त्या कुशीवरून या कुशीवर. शेवटी बायको म्हणायची, "अहो, एक तर झोपा, नाही तर बाहेर जाऊन फिरा. ही पलंगाची करकर मला नको."

लिफ्ट दुरुस्तीचं काम त्याच्या अंगाला मानवलं होतं. फोन वाजला की पळायचं. इथे दार अडकलंय, तिथे कुणी मधेच लटकलंय, पलीकडे ब्रेकचा आवाज येतोय. दिवसाला सात-आठ इमारती व्हायच्या. खिशात किल्ल्यांचा जुडगा, हाताला ग्रीसचा वास. वय शेहेचाळीस. बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, मुलगी कॉलेजात शिकत होती. आठ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या इमारतीची लिफ्टही त्याच्याच अखत्यारीत होती.

आकाशाचा नाद लागला तो सात वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका इमारतीच्या गच्चीवर. लिफ्टची मोटर असते ती खोली गच्चीवर असते. तिथलं काम आटपून तो बाहेर आला, तर एक दातांच्या डॉक्टरीणबाई तिपाईवर कॅमेरा लावून बसल्या होत्या. तो धावत जाणार एवढ्यात त्या ओरडल्या, "थांबा! पाय हलवू नका. दोन मिनिटं."

तो एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेतच थांबला. दोन मिनिटं संपली. बाईंनी त्याला कॅमेऱ्याचा छोटा पडदा दाखवला. काळ्यावर गुलाबी धुराचा एक लोट, मधोमध पांढरा उजेड.

"हे कुठलं?" त्याने विचारलं.

"आत्ताच काढलं. ते बघा, मृगाचे तीन तारे आहेत ना एका ओळीत, त्यांच्या खाली."

त्याने मान वर केली. तीन तारे होते. खाली काहीच नव्हतं.

"दिसत तर नाही काही."

"डोळ्यांना नाहीच दिसणार. डोळा क्षणभराचा उजेड घेतो. कॅमेरा दोन मिनिटं उघडा ठेवला की उजेड साठत जातो. तेजोमेघ म्हणतात याला."

त्या रात्री घरी जाताना त्याच्या डोक्यात गुलाबी धूर होताच, पण त्याहून जास्त एक गोष्ट घोळत होती. दोन मिनिटं तो हलला नव्हता. सांगून, बजावून, मारूनही आईला जे जमलं नव्हतं ते झालं होतं.

लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडून त्याने जुना कॅमेरा घेतला. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, आणि तारे सरकतात म्हणून फोटोत त्यांच्या रेघा उमटतात. त्यांच्या चालीने कॅमेराही फिरायला हवा. त्यासाठी त्याने आधी दोन फळ्या, दाराची एक बिजागरी आणि एक लांब बोल्ट असं यंत्र केलं. तो बोल्ट हाताने, घड्याळाकडे बघत, हळूहळू पिळायचा. वर्षभर त्याने बोल्ट पिळला. मग जुनीच, पण मोटरवर फिरणारी बैठक मिळाली, आणि मागोमाग हाताएवढी दुर्बीण.

घरच्यांनी आधी हसून घेतलं. एकदा तो जेवता जेवता पुटपुटला, "आज देवयानी डोक्यावर येणार." बायकोने चमचा खाली ठेवला. "ही देवयानी कोण?" मुलीला हसू आवरेना. देवयानी ही दीर्घिका आहे, अब्जावधी ताऱ्यांचा थवा, हे समजावून सांगेपर्यंत जेवण निवलं. तेव्हापासून गच्चीवर निघाला की बायको म्हणायची, "सांगा माझ्या सवतीला, सकाळी नऊला माझा नवरा कामावर लागतो म्हणून." पण थंडीत भिंगावर दव धरतं हे कळल्यावर जुन्या मोज्यात गरम तार घालून भिंगाला पट्टा शिवून दिला तो तिनेच. पहाटे दुर्बिणीच्या तोंडाला त्याचं पांढरं बनियन ताणून बांधायचं आणि कोऱ्या उजेडाचे फोटो काढायचे असतात, म्हणजे भिंगावरच्या धुळीचे डाग नंतर पुसता येतात. शेजारणीने ते पाहिलं आणि इमारतभर झालं, की भिंगरी दुर्बिणीलाही आंघोळ घालून कपडे घालतो. फोटो एकावर एक रचून, स्वच्छ करून एक चित्र करायचं काम मुलीने कॉम्प्युटरवर शिकून घेतलं होतं.

सहा वर्षं अशी गेली. मग तो घोडा आला.

मृगाच्या त्या तीन ताऱ्यांना जुनी माणसं बाण म्हणतात. बाणाच्या एका टोकाच्या ताऱ्याशेजारी लाल वायूचा पडदा आहे, आणि त्या पडद्यापुढे काळ्या धुळीचा एक ढग. तो हुबेहूब घोड्याच्या डोक्यासारखा दिसतो. मान, कपाळ, मुस्कट, सगळं. शहराच्या उजेडातून तो काढणं महाकठीण. लाल काच लावायची, दोन-दोन मिनिटांचे शेकडो फोटो घ्यायचे, तेव्हा कुठे धूसर आकार वर येतो. भिंगरीने तो एका मासिकात पाहिला आणि त्याची होती नव्हती ती झोपही उडाली.

नोव्हेंबरात त्याने सुरुवात केली. पहिल्या रात्रीचे फोटो मुलीने पडद्यावर मोठे केले. ती म्हणाली, "बाबा, हे तारे असे का? तांदळाच्या दाण्यासारखे?"

तारा टिंबासारखा गोल यायला हवा. हे सगळे एकाच दिशेला लांबट झाले होते. त्याने बैठक तपासली, स्क्रू आवळले. पुन्हा दाणे. बॅटरी बदलली, पुन्हा दाणे. चौथ्या रात्री गच्चीवर येरझारा घालताना मशीनरूममध्ये खट् झालं. लिफ्टचा ब्रेक सुटला, मोटर घुमली, पायाखालची फरशी किंचित थरथरली. त्याने कपाळावर हात मारला. तीस वर्षं ज्या आवाजावर पोट भरलं तोच आवाज त्याला ऐकू आला नव्हता.

घोड्यासाठी त्याने पहिल्यांदाच मोठं भिंग लावलं होतं, आधीच्या लहान भिंगात ही थरथर दिसत नसे, म्हणून कधी कळलं नव्हतं. आता कळलं आणि डोक्यातून जाईना. त्याने बैठकीखाली रबराचे तुकडे घातले. वाळूच्या पिशव्या ठेवल्या. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर तिथे पाण्याच्या टाकीचा पंप. इकडे आड तिकडे विहीर. रात्री बारानंतर लिफ्ट थांबेल असं वाटायचं, पण सातव्या मजल्यावरची दोन पोरं रात्रपाळीची, पाचव्यावरचं नवरा-बायकोचं जोडपं उशिरा घरी येणारं, शिवाय घरपोच खाणं आणणारे. दहा-बारा मिनिटांनी एकदा तरी खट्. प्रत्येक 'खट्'सरशी तो दात आवळायचा. कोण आलं असेल, कुठल्या मजल्याला जात असेल, हे तो नुसत्या आवाजावरून सांगू शकायचा आणि मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालायचा.

त्यात ढग, आणि ढग नसले की चंद्र. महिन्यातल्या तीस रात्रींपैकी हाती लागणार पाच-सहा. मृग काही वर्षभर थांबत नाही. हवामानाचा अंदाज तो दिवसातून वीस वेळा बघायचा. कामावर असताना लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तरी वर येऊन आधी आकाशाकडे बघायचा. बायको म्हणाली, "एवढं काय अडलंय त्या घोड्यावाचून?" तो उठला आणि खिडकी बघून आला.

डिसेंबरच्या अमावास्येच्या आधी तीन दिवस आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ झालं. त्या रात्री पावणेएकला भिंगरीने मशीनरूम उघडली, लिफ्ट रिकामी आहे आणि तळमजल्यावर उभी आहे याची खात्री केली आणि मेन स्विच खाली ओढला. खाली दारावर कंपनीचा नेहमीचा फलक आधीच अडकवून ठेवला होता: दुरुस्तीचे काम चालू, लिफ्ट बंद.

त्या रात्री पहिल्यांदा तारे गोल आले. टाचणीने भोकं पाडावीत तसे. अडीचला त्याने लिफ्ट चालू केली. कुणी काही बोललं नाही. बोलणार काय, लिफ्टवाल्याने लिफ्ट दुरुस्त केली. वॉचमन उलट सकाळी म्हणाला, "रात्रीचं काम करता, लोकांना त्रास नको म्हणून. असा माणूस मिळायचा नाही."

दुसऱ्या रात्री केलं, तिसऱ्या रात्री केलं. मन आत कुठेतरी कुरकुरत होतं, पण दोन तासांचा तर प्रश्न होता. सातव्या मजल्यावरच्या पोरांचे पाय तरणे होते. लाल पडद्यावर घोड्याची मान दिसू लागली होती. कपाळ यायचं होतं.

चौथ्या रात्री बारा चाळीसला त्याने स्विच ओढला.

सहाव्या मजल्यावर प्रूफवाले काका आणि काकी राहायचे. काकांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाले तरी हात गप्प बसत नसे. जिन्यातल्या नोटिशीतली चुकीची वेलांटीसुद्धा ते लाल शाईने दुरुस्त करायचे. वय शहात्तर. त्या रात्री सव्वाच्या सुमारास त्यांच्या छातीत कळ आली. डाव्या हाताला मुंग्या, अंगाला दरदरून घाम. काकींनी फोन केला, आणि एक अडतीसला रुग्णवाहिका फाटकात उभी राहिली. दोघे कर्मचारी स्ट्रेचर घेऊन लिफ्टपाशी आले. फलक लटकत होता.

वॉचमनने भिंगरीला फोन लावला. फोन घरी होता, कारण गच्चीवर त्याचा उजेड नको असायचा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बायको उठली.

भिंगरी दुर्बिणीभोवती वाळूच्या पिशव्यांपासून दूर, हळू पावलांनी फेऱ्या मारत होता. जिन्याचं दार आदळलं. बायको अनवाणी, केस सुटलेले, धापा टाकत दारात उभी होती.

"लिफ्ट... लिफ्ट चालू करा. काकांना... सहाव्या मजल्यावर... खुर्चीत बसवून उतरवताहेत. मी त्यांच्या अंगावरून आले वर."

"काय झालं त्यांना?"

"आधी लिफ्ट!"

ती त्याच्या मागोमाग मशीनरूमच्या दारापर्यंत आली. आत ना हत्यारांची पेटी उघडी होती, ना मोटरचं झाकण काढलेलं. फक्त भिंतीवरचा स्विच खाली होता. त्याने तो वर केला. तिने ते पाहिलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती वळली आणि खाली धावली.

पाचव्या मजल्याच्या पायऱ्यांवर दोन कर्मचारी, रात्रपाळीहून आलेली सातव्या मजल्यावरची दोन पोरं आणि मधे खुर्चीत काका. ओठ काळेनिळे पडलेले. भिंगरी धावत आला, खुर्चीचा एक पाय धरला, लिफ्ट वर बोलावली. दार उघडलं. काका आत गेले, मागोमाग काकीही. काकींनी दाराच्या फटीतून त्याचा हात घट्ट धरला. त्यांचे हात थंडगार होते.

"बाळा, तू होतास म्हणून रे," त्या म्हणाल्या. "एवढ्या रात्री काम करत होतास म्हणून."

दार लागलं.

तो तिथेच उभा राहिला. पोरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुम्हाला. केवढ्या पटकन चालू केलीत!"

चारला तो गच्चीवर सामान गोळा करायला गेला. कॅमेरा कुणाची वाट न बघता फोटो काढतच होता. त्याने पडद्यावर ते मागून पुढे बघितले. चौतीस फोटो गोल ताऱ्यांचे. पस्तिसाव्यात प्रत्येक तारा फटकारा मारल्यासारखा लांब ओढलेला. कोपऱ्यात वेळ होती: एक बावन्न. त्यानंतर पुन्हा मधूनमधून तांदळाचे दाणे. एक अडतीसला गाडी आली, एक बावन्नला लिफ्ट. त्याने बोटांवर मोजलं. चौदा मिनिटं.

घरी बायको स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती.

"आले का गोल?" तिने विचारलं.

तो खिडकी लागलीय का ते बघू लागला.

"सांगा ना. तारे. गोल आले का?"

"आले."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन पाठ करून झोपली.

काका वाचले. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. भिंगरी रोज दवाखान्याच्या आवारात जायचा आणि वर न जाता परत यायचा. तिसऱ्या दिवशी त्याने जिन्यात तिथल्या डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, अशा माणसाला चौदा मिनिटं उशीर झाला, तर किती फरक पडतो?"

"तुम्ही नातेवाईक?"

"शेजारी."

डॉक्टर घाईत होते. "कधी काहीच नाही पडत. कधी सगळाच पडतो. त्यांच्या हृदयाचा थोडा भाग दुबळा झालाय. तो कुठल्या मिनिटाला झाला, ते कोण सांगणार?"

हे ऐकून तो जास्तच बिथरला. कुणी ठाम सांगितलं असतं, तुझ्यामुळे झालं, तर बरं वाटलं असतं. तुझ्यामुळे नाही झालं म्हटलं असतं तर सोन्याहून पिवळं. आता काही धरायलाच नव्हतं. झोप तर दोन तासांवर आली. कामावर असताना लिफ्टचं दार उघडलं की काकींचे थंड हात आठवायचे. एका इमारतीत त्याने ब्रेकची पट्टी उलटी बसवली, आणि साहेबाने फोनवर विचारलं, "भिंगरी, तब्येत बरी आहे ना?"

काका नवव्या दिवशी घरी आले. इमारतीत सगळ्यांना भिंगरीचा उमाळा आला होता. वॉचमन तर गोष्ट सांगताना दर वेळी एक मजला वाढवायचा. आणि मग शुक्रवारी संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"रविवारी दहाला खाली ये. सगळे जमणार आहेत. तुझा छोटासा सत्कार ठेवलाय. स्वच्छ शर्ट घाल म्हणजे झालं."

"साहेब, नको."

"अरे लाजतोस काय! काकी स्वतः बोलणार आहेत चार शब्द."

फोन ठेवल्यावर बायको त्याच्याकडे बघत होती. त्या रात्रीपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"मी काय सांगू तुम्हाला," ती म्हणाली. "पण काकींनी तुमच्या गळ्यात हार घातला ना, तर मी त्या खोलीत नसेन."

शनिवारी सकाळी तो सहाव्या मजल्यावर गेला. पायऱ्या चढून. काकींनी दार उघडलं, तोंडभर हसल्या, "ये ये, तुझीच आठवण काढत होते," म्हणून आत नेलं. काका उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. काकी चहा टाकायला निघाल्या.

"काकी, थांबा. तुम्ही पण ऐका," तो म्हणाला. तो बसला नव्हता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि खुर्ची हलत होती. "त्या रात्री लिफ्ट बिघडली नव्हती. मी बंद केली होती. आधीच्या तीन रात्रीही मीच बंद केली होती."

"का?" काकांनी विचारलं.

"फोटोसाठी. लिफ्ट चालली की गच्ची हलते. फोटो बिघडतो."

"कशाचा फोटो?"

"घोड्याचा."

काकांनी भुवया वर केल्या. "घोड्याचा?"

"म्हणजे खरा घोडा नाही. आकाशात ढग आहे एक धुळीचा. घोड्याच्या डोक्यासारखा. त्याच्यासाठी मी... तुम्हाला चौदा मिनिटं उशीर झाला माझ्यामुळे. मोजलंय मी."

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला. मग काकांच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. ते हसत होते की खोकत होते ते कळेना. "सहाव्या मजल्यावरून मी खुर्चीत बसून निघालो वर जायला," ते म्हणाले, "आणि कारण काय, तर घोडा!"

"तुम्ही हसा," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी नाही हसणार. ह्याचा हात धरला मी. ह्याला बाळा म्हटलं." त्या भिंगरीकडे वळल्या. "ऊठ," असं त्या म्हणाल्या, तो उभा असूनही. "जा."

तो गेला. तिथून थेट सेक्रेटरींकडे गेला आणि तेच सांगितलं. मग कंपनीत जाऊन लिहून दिलं. सत्कार अर्थातच झाला नाही. जिने आणि कट्टे आठवडाभर तापले. सेक्रेटरींनी गच्चीला नवं कुलूप लावलं. ज्या पोरांनी पाठ थोपटली होती ती त्याला बघून मोबाइलमध्ये तोंड घालू लागली. साहेबाने आधी शिव्या दिल्या, मग म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं, गाढवा." नोकरी गेली नाही. जुडगा काढून घेतला आणि चार महिने वर्कशॉपमध्ये बसवलं. दिवसभर स्टुलावर बसून ब्रेकच्या पट्ट्या घासायच्या. त्याला फाशी परवडली असती. तासातून तीनदा पाणी प्यायला उठायचा.

दुर्बीण पलंगाखाली गेली. त्याने ठरवलं होतं, पुरे झालं. पण जानेवारीत एका संध्याकाळी वर्कशॉपमधून येताना त्याने नकळत मान वर केली. बाण उगवला होता. तो रस्त्यात तसाच उभा राहिला आणि मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवून वाजवून शेवटी शिवी दिली.

आणखी महिन्याभराने मुलगी कॉलेजातून आली ती सांगत, "बाबा, जिन्यात काका भेटले. सावकाश चढत होते, व्यायाम म्हणून. मला म्हणाले, तुझ्या बापाला विचार, ज्याच्यापायी माझा जीव टांगणीला लागला तो घोडा निदान दाखवणार आहे की नाही?"

"चेष्टा करत असतील."

"नाही वाटली चेष्टा."

तो खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारून आला. घोडा अर्धवट होता. मुलगी म्हणाली, त्या चार रात्रींचे फोटो आहेत की, एकावर एक रचले तर बऱ्यापैकी येईल. त्याने मान हलवली. "ते नको."

"पुसून टाकू?"

"पुसूही नको. राहू दे बाजूला."

शहराबाहेर, शेवटच्या थांब्यापासून अर्धा तास चालल्यावर, दगडाची एक बंद पडलेली खाण होती. फेब्रुवारीच्या अमावास्येच्या शनिवारी त्याने सामान दोन पिशव्यांत भरलं. बायको चपला घालताना दिसली.

"तू कुठे?"

"एकट्याने उचलणार आहात का एवढं? आणि तिथे कुठली लिफ्ट बंद करता ते बघायचंय मला."

दोन महिन्यांत तिने केलेली ती पहिली थट्टा होती. तीत धार होती, पण थट्टा होती.

मृग आता संध्याकाळीच वर असायचा. साडेसात ते दहा, मग तो पश्चिमेला कलायचा आणि यांना शेवटची बस गाठायची असायची. खाणीत काळोख होता, जमीन पक्का दगड. तारे गोल आले. एक कुत्रं आलं, वाळूच्या पिशव्या हुंगून गेलं. अशा तीन संध्याकाळी मिळाल्या. मग ढगांचा आठवडा लागला आणि त्यानंतर चंद्र. मुलीने रात्रभर बसून ते सगळे फोटो रचले. घोडा आला. खरखरीत होता, कपाळाची कड नीट सुटली नव्हती, पण लाल पडद्यावर त्याचं डोकं उभं होतं.

तो छापलेला फोटो घेऊन भिंगरी सहाव्या मजल्यावर गेला. दार काकींनी उघडलं. त्याला बघून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"काकांनी मागितला होता," तो म्हणाला.

"झोपलेत."

"मग ठेवून जातो."

त्यांनी फोटो घेतला. लगेच दार लावलं नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. खाली, वर, कडेला.

"हे एवढंसं?"

"हो."

"ह्याच्यासाठी?"

"हो, काकी."

"उठले की देईन," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

काकांनी तो भिंतीवर लावला नाही, फाडलाही नाही. मुलीला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "घोडा बरा आहे. पण मला तो उंटच वाटतो, मान बघ त्याची." ते आणि भिंगरी पुढे पायऱ्यांवर भेटले की चार वाक्यं बोलायचे, बहुतेक आकाशाबद्दल, तब्येतीबद्दल कधी नाही. काकी त्याच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. समोरून आल्या की त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे जायची. त्याला ते सवयीचं झालं नाही. होईल असं त्याला वाटायचं, पण झालं नाही.

चार महिन्यांनी कंपनीने जुडगा परत दिला, पण शहराच्या दुसऱ्या टोकाचा भाग दिला. तो पुन्हा दिवसाला सात-आठ इमारती करू लागला. दर अमावास्येला, आकाश मोकळं असलं की, नवरा-बायको बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन खाणीकडे चालत जातात. तिला ताऱ्यांतलं काही कळत नाही. ती शालीत गुंडाळून दगडावर बसते आणि थर्मासमधला चहा पिते.

गेल्या वेळी देवयानीचे फोटो चालले होते. कॅमेरा आपला मुकाट्याने उघडत होता, मिटत होता. तो दगडावर बसला, उठला, बॅटरी बघून आला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"अजून किती?" बायकोने विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"बसा की मग जरा."

"बसतो," तो म्हणाला, आणि ढग येताहेत का ते बघायला खाणीच्या कडेपर्यंत चालत गेला.